ट्यूबच्या रबराची चकती

बाईंनी गाडी गॅरेजच्या दारात आडवी उभी केली आणि इंजिन बंद न करताच खाली उतरल्या. ही त्यांची तिसरी खेप. पेठच्या पुढे एका आश्रमशाळेत त्या शिकवतात, रोज एकट्या सावळघाट चढतात आणि उतरतात. आधीच्या दोन्ही वेळा मी त्यांना "आता काळजी नाही" म्हणून पाठवलं होतं. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघूनच मी हातातला पाना खाली ठेवला.

"बांबूच्या ट्रकला ओव्हरटेक करत होते," त्या म्हणाल्या. "निम्म्यात गेले आणि गाडीचा दमच गेला. पाय पूर्ण दाबलेला, गाडी पुढे सरकेना. समोरून एसटी. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून मी इथे उभी आहे." मग त्यांनी विचारलं, "उद्या सकाळी ही गाडी घेऊन मी घाटात जाऊ की नको? तेवढंच सांगा."

मी तोंडाचा फटकळ आहे. गिऱ्हाइकाने आवाज चढवला की माझाही चढतो आणि मग शेजारचा पंक्चरवाला मध्ये पडतो. बाईंनी आवाज चढवलाच नाही. मी खुर्ची पुढे ओढली. "बसा ताई," म्हणालो.

आतल्या बाकाजवळ अण्णा हात पुसत उभे होते. अण्णा म्हणजे माझे वडील. सायखेड्याला त्यांचं सगळं आयुष्य शेतात आणि ट्रॅक्टरखाली गेलं. गुडघे गेले, माझ्या धाकट्या भावाने नवा ट्रॅक्टर घेतला आणि तो काही त्यांना त्या ट्रॅक्टरला हात लावू देईना. म्हणून मी त्यांना नाशिक रोडला आणलं. घरी टीव्हीसमोर बसून माणूस वाळत चालला होता. गॅरेजात यायला लागले आणि पुन्हा पोटभर जेवायला लागले. भावाला हे पसंत नव्हतं. "लोकांच्या गाड्या त्या. एखादी बिघडली म्हणजे?" मी त्याला फोनवर शब्द दिला होता की अण्णांच्या हातून एक जरी गाडी बिघडली, तर मी त्यांना घरी बसवीन. देताना सोपा वाटला होता तो शब्द.

आणि बाईंच्या गाडीतला सेन्सर अण्णांनी बसवला होता.

नॉक सेन्सर म्हणतात त्याला. पेढ्याएवढी वस्तू, मधल्या भोकातून बोल्ट. ती इंजिनच्या अंगाला कान लावून बसते. आत पेट्रोल भलत्या वेळी पेटलं की ठोके पडतात. ते तिला कळले की गाडीचा कॉम्प्युटर सांभाळून घेतो. तिच्याकडून काहीच कळेनासं झालं की तो घाबरतो आणि गाडीची ताकदच कमी करून टाकतो. शहरात ते फारसं जाणवतही नाही, घाटात मात्र जिवावर येतं.

पहिल्या खेपेला जुना सेन्सर खरोखरच मेलेला होता. नवा आणला. जागा इतकी अडचणीची की माझा जाडा पंजा आत जाईना, अण्णांचा बारीक हात बरोबर गेला. दुसऱ्या खेपेला डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा परत लागला तेव्हा मी कनेक्टर साफ केला आणि वायरिंगच्या नावाने बोटं मोडली. नव्याकोऱ्या सेन्सरवर कोण संशय घेतो?

आता स्कॅनर लावला. तोच दोष, नॉक सेन्सरचा सिग्नल कमी. वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली, ठणठणीत. इंजिन चालू ठेवून सेन्सरशेजारी छोट्या हातोडीने टकटक केली. स्क्रीनवरचा आकडा उडायला हवा होता. तो ढिम्म. बाई खुर्चीवरून उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"शेन्सर डुप्लिकेट आसंल," पलीकडून वाकून अण्णा म्हणाले. "हल्ली लय बोगस माल येतो."

देवा, तसंच निघू दे, असं मला अगदी मनापासून वाटलं. दुकानदाराशी भांडायला मी एका पायावर तयार होतो.

इंजिन निवू दिलं आणि मग हात सोलवटून घेत कसाबसा बोल्ट सोडवला. सेन्सर बाहेर काढून मीटरला जोडला, पान्याने हलकी टिचकी मारली. आकडा उडाला. पुन्हा मारली, पुन्हा उडाला. म्हणजे सेन्सर चांगला होता. हातात ऐकत होता, इंजिनवर बसला की बहिरा.

मी त्याची बैठक चाचपायला बोटं आत घातली. काहीतरी मऊ लागलं. तिथे मऊ असं काही असायचं कारणच नाही. नखाने ओढून काढलं तर काळी चकती. ट्यूबच्या रबराची, कात्रीने गोल कापलेली, मध्ये नीट भोक पाडलेली.

ती कात्री कुणाची हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या घरात जुनी ट्यूब कधी फेकली गेली नाही. ट्रॅक्टरच्या दिव्याखाली, बॅटरीखाली, विहिरीवरच्या स्टार्टरमागे, आईच्या मिक्सरखालीसुद्धा अण्णांचं रबर असायचं. नाजूक वस्तूला हादरा बसू नये म्हणून. लहानपणी मला ते फार हुशारीचं वाटायचं, अजूनही वाटतं. फक्त या वस्तूचं काम हादरे खाणं हेच होतं.

मी मूठ मिटली.

"काय निघालं?" बाईंनी विचारलं.

अण्णा माझ्या मुठीकडे बघत होते. सेन्सर डुप्लिकेट होता, असं म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. बाईंची गाडी नीट झाली असती आणि अण्णा उद्याही डबा घेऊन आले असते. पण पुढच्या गाडीसाठी त्यांनी पुन्हा तितक्याच प्रेमाने चकती कापली असती. मला राग आला, अण्णांचा, भावाचा, इतक्या खबदाडात सेन्सर बसवणाऱ्यांचा. मग मूठ उघडली.

"हे रबर सेन्सरखाली होतं, ताई. त्याला ठोके पोचतच नव्हते."

"कोणी घातलं?"

"गॅरेज माझं आहे. चूक माझी."

"मी घातलं," अण्णा म्हणाले. "नवी नाजूक वस्तू. इंजिन तर लय हादरतं. म्हनलं, टिकंल जरा."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "बाबा, समोर एसटी होती," त्या हळूच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

अण्णांची मान खाली गेली. ते काहीतरी आठवत होते. "लाल गाडी," ते एकदम म्हणाले. "विंचूरला नोकरीला हाय ना, त्या पोराची. तिला बी मीच बसवला. तिला बी रबर हाय. फोन लाव त्याला. आत्ता लाव."

मी लगेच खिशातून मोबाईल काढला. फोन लावला. "दिवा लागलाय, पण चालतेय की," तो म्हणाला. संध्याकाळी बायकापोरांना घेऊन मुंबईला निघणार होता, कसारा घाटातून. त्याला मी जवळजवळ दम भरूनच थांबवलं. सकाळी गाडी आणतो म्हणाला.

फोन ठेवून बघतो तर अण्णा साबण लावून हात धूत होते, दिवस संपल्यावर धुतात तसे. "धाकल्याला सांग, येतो म्हनावं घरी," ते म्हणाले. "तू शबूद देलेला हाय. मी ऐकलाय."

मी नेहमीसारखा खेकसलो, "हात काय धुताय? माझा पंजा जात नाही तिथे!"

"त्यांनाच बसवू द्या," बाई म्हणाल्या. "मी इथे उभी राहून बघणार आहे."

अण्णांनी बैठक फडक्याने कोरडी पुसली. सेन्सर थेट लोखंडावर ठेवला, बोल्ट घातला. मी दिलेल्या, ठरलेल्या ताणाला वाजणाऱ्या पान्याने कट् आवाज केला, म्हणजे पुरे. त्यांचा हात अजून थोडं पिळायला थांबला होता. "आनखी?" त्यांनी विचारलं. "नाही अण्णा, झालं." त्यांनी हात काढून घेतला. मी हातोडीने टकटक केली आणि स्क्रीनवर आकडा उडाला.

"ताई," अण्णा म्हणाले, "उद्या घाटात मी येतो तुमच्यासंगं. म्होरं बसतो."

बाईंनी अण्णांच्या पातळ सदऱ्याकडे पाहिलं. "लवकर निघते मी. स्वेटर घालून या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकाही गाडीला हात लावला नाही. फोन हातात घेऊन दारात उभा होतो. शेवटी बाईंच्या फोनवरून अण्णा बोलले.

"चढली. ट्रक बी मागं टाकला. मी एसटीनं येतो." मग विचारलं, "लाल गाडी आली का रं?"