उपवासानं वाढलेलं पोट

आमच्या यांना, म्हणजे ब्रह्मा घाटावरच्या यज्ञेश्वर गुरुजींना, अख्खी गल्ली मान देते. त्यांच्या पोटाला त्याहून जास्त. जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांतून हर्निया असा बाहेर आलाय की धोतराची गाठ बसत नाही. यजमान म्हणतात, काय तेज आहे! डोंबलाचं तेज. आतडी आहेत ती.

डॉक्टर सुनीतींनी कागदावर चित्र काढून समजावलं. नुसतं शिवून भागणार नाही. पोटाच्या भिंतीचे थर सोडवायचे, दोन्हीकडचे स्नायू मधे ओढून आणायचे, त्यांच्यामागे जाळी बसवायची. "लेकिन पहले वजन घटाइए, पंडितजी. आँतें बरसों से बाहर हैं, अंदर जगह ही नहीं बची. ऐसे ही ठूँस दीं तो साँस अटकेगी."

"मग उपवास धरतो," हे म्हणाले. मला वाटलं, सुटले एकदाची! कसलं काय. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर एकादशी. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचा भात नि दाण्याची आमटी, संध्याकाळी शिंगाड्याचा शिरा, तोही तुपात पोहणारा. महिन्यानं काट्यावर उभे राहिले तर वजन वाढलेलं! डॉक्टर बघतच राहिल्या. हे मात्र ऐटीत, "मॅडम, हफ्ते में तीन व्रत!" ऑपरेशन पुढे ढकललं.

आठवड्यात आतडं अडकलं. उलट्या, नुसते घामाघूम. डॉक्टरांनी हातानं दाबून कसंबसं आत सारलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगली बार शायद मौका न मिले." त्यात पितृपक्ष तोंडावर! म्हणजे रोज श्राद्धाचं पान, खीर, वडे आणि "गुरुजी, अजून एक लाडू, पितर तृप्त होऊ देत."

मग मी पदर खोचला आणि दुर्गाघाटापर्यंत घरोघर फिरले. म्हटलं, "यांना जेवायला बसवाल, तर पुढच्या पितृपक्षात मला यांच्याच नावाचं पान वाढावं लागेल." बायका चरकल्या. पंधरवड्यात एक बोलावणं आलं नाही.

हे रोज सोवळं नेसून दारात बसत. शेवटी कुणीतरी चुगली केलीच. असे तडकले! "घाटावर माझी काय पत राहिली? जिवंतपणी वाळीत टाकलंस मला!"

मी दुधीची भाजी वाढत होते. पळी तशीच पुढे करून आणखी एक वाढ घातली.

"हो," म्हटलं, "जिवंतपणीच."