तिसरं पाणी

औशाहून सुजाताताईंच्या भावाचा फोन आला. "दादा, ताई गेली…" एवढंच बोलला. महिना झाला त्याला. रडू नंतर आलं. आधी भीती वाटली. त्यांना एक गोष्ट सांगायची राहून गेली होती, आता कुणाला सांगू?

लातूर जिल्हा नवानवा होता आणि दुष्काळ पडलेला. तिथल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी रोजंदारीवर होतो. ताई शिरूर अनंतपाळच्या, पीएच.डी. करत होत्या. मी खाटकाकडून बोकडाचं रक्त आणायचो, त्या त्यातल्या पेशींची पातळ आवरणं वेगळी करायच्या. त्या आवरणात एक पंप असतो म्हणे, आत शिरलेलं कॅल्शियम सारखा बाहेर फेकणारा. तो थांबला की पेशी मेली. पण पंपाला भोवती चरबीचे रेणू लागतात; ते जसे असतील तसा त्याचा जोर कमी-जास्त होतो. ताईंना हेच दाखवायचं होतं.

नळ्या साबणानं घासून तीन पाण्यांनी धुवायच्या, हे माझं काम. त्या दिवशी टँकर आलाच नाही. मी एकाच पाण्यात उरकलं. दुसऱ्या दिवशी पंप बंद! ताईंनी सगळं पुन्हा केलं, तरी बंद. सोमवारी त्यांचे सर येणार होते. आकडे नसले तर गाशा गुंडाळा, असं आधीच बजावलेलं.

"माझंच कायतरी चुकायलंय. दादा, नळ्या किती पाण्यांनी धुतल्या?"

खरं बोललो तर उद्यापासून घरी बसायची पाळी.

"तीन," म्हणालो.

त्यांनी नळी नाकाशी नेली. "साबण चरबी काढतोच की… भांड्याची काय अन् पंपाची काय," असं स्वतःशीच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी खोलीवरून स्वतःच्या पिण्याच्या पाण्याची कळशी घेऊन आल्या. "दादा, तिसरं पाणी ह्यातलं घ्या."

रविवारी पंप चालला. दोन दिवस का वाया गेले, असं सरांनी विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, "माझी चूक." मी दारात उभा राहून धुतलेल्या नळ्या पुसत होतो. पुढं त्यांनी मुद्दाम मोजून साबण घातला, चरबी काढली, परत दिली. पंप थांबला, परत चालला. त्यावरच प्रबंध झाला.

ताईंनी निघताना मला दिलेली ती कळशी आता नांदेडला माझ्या मोरीत आहे. नळाला पाणी असलं तरी भरून ठेवतो. पेला विसळताना तिसरं पाणी तिच्यातलंच घेतो… आधी दार लावून घेतो, मग म्हणतो, "ताई, एकच पाणी घेतलं होतं."