सवयीचं ‘नाही हो’

पुण्यात धायरीला दीपमाला मेश्राम ब्लाउज शिवते. कापड न मापता कुठे उसवेल ते सांगणाऱ्या या बाईला एका साध्या प्रश्नाचं खरं उत्तर देता आलं नाही, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये घरात तिघांनाही ताप आला, तोंडाची चव गेली. नवरा योगेश म्हणाला, "कोविडची टेस्ट केली तर बिल्डिंग सील करतील. हडपसरची कंपनी मला घरी बसवेल, तुझी गिऱ्हाइकं पळतील." झाकली मूठ सव्वा लाखाची! शेजारच्या सुशीलाबाईंनी दारातून विचारलं की दीपमाला म्हणायची, "नाही हो, साधा सर्दीताप." दिवसातून पाचदा म्हणून ते तोंडात बसलं.

महिन्याभराने सात वर्षांची लेक निकिता पुन्हा तापली. डोळे लाल, अंगावर पुरळ, पोटात कळा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला कोविड झाला होता?"

"नाही हो," दीपमाला म्हणाली. विचार न करता, सवयीने.

टायफॉइड समजून चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सदाशिव पेठेतल्या मोठ्या दवाखान्यात तिने खरं सांगितलं, तेव्हा निदान झालं. कोविडचा विषाणू गेला होता, पण त्याने अंगात उठवलेली सूज हृदयापर्यंत पोचली होती. पोरगी वाचली. हृदयाची एक रक्तवाहिनी मात्र फुगली ती फुगलीच. चार दिवस आधी आणली असती तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. याच्याइतकं छळणारं उत्तर दुसरं नसेल.

तेव्हापासून रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी, दर सहा महिन्यांनी हृदयाची इको तपासणी, धावायचे खेळ बंद. वर लोकांचे शेरे. "चांगली धडधाकट दिसते की," सुशीलाबाई म्हणतात. हृदय काय गॅलरीत वाळत घालून दाखवायचं? दीपमालाच्या अगदी ओठांवर येतं. पण ताप लपवला कोणी? आपलेच दात, आपलेच ओठ.

परवा इकोच्या आधी डॉक्टर मॅडमनी निकिताला विचारलं, "धाप लागते? छातीत धडधडतं?"

"नाही हो," निकिता म्हणाली.

सकाळी हीच पोरगी चपलेचं निमित्त करून जिन्यात दोनदा थांबली होती.

"खरं सांग," दीपमाला म्हणाली.

निकिता पुटपुटली, "सांगितलं तर खो-खोतून काढतील. महिनाभर खेळतेय मी शाळेत."

दीपमालाला ओरडायचं होतं. कोणत्या तोंडाने ओरडणार? तिने खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, आधी माझं लिहून घ्या. हिच्या आजारपणाच्या वेळी घरातला ताप मी लपवला होता. हिला मी हे कधी सांगितलं नाही."

निकिता आईकडे वळली. मग हळूच म्हणाली, "जिना चढताना धडधडतं."

मॅडमनी ते लिहून घेतलं.