लाल मिरचीची फोडणी

मध काढायला निताई सुंदरबनात शिरला त्याला सहा दिवस झाले होते. घरधनी जंगलात असेपर्यंत बायकोनं लाल मिरची तळायची नाही, हे मालोतीनं आजवर कडक पाळलं होतं. पण ती जिथं रांधायची त्या लॉजचा मेला मॅनेजर सकाळी खेकसला, "पाहुण्यांना मिळमिळीत घालतेस? मिरची टाक, नाहीतर घरी बस!" तिनं डोळे मिटून मिरची तेलात टाकली.

दुपारी पाहुण्यांची बोट परतली. सगळे नाचतच उतरले. "वाघ दिसला! काठावर काहीतरी खात होता. काय नशीब आमचं!"

मालोती कढई टाकून धावली. "हारानभाऊ, कुठल्या खाडीत?"

बोटीवरचा वाटाड्या हारान बांधलेलाच दोर पुन्हा बांधत बसला. वर काही बघेना.