नको असलेला फोटो

"डोये उघडे ठेव बाबू. हा फोटो तुह्यासाठी नाई, मागं राहनाऱ्यांसाठी आहे," असं म्हणत चाचा दोन बोटांनी समोरच्याची हनुवटी वर उचलायचे आणि मगच बटण दाबायचे. एसटीच्या पासासाठी आलेल्या कॉलेजच्या पोरांनाही हेच. पोरं हसायची. चाचाही हसायचे.

गडचिरोलीत त्यांचा छोटा फोटो स्टुडिओ होता. आसपासच्या खेड्यांतली माणसं आयुष्यात एकदाच, कुठल्यातरी सरकारी कागदासाठी, तिथं फोटो काढत. चाचा प्रत्येकाची निगेटिव्ह गावाचं नाव लिहिलेल्या पाकिटात जपून ठेवत. घरात कोणी गेलं की लोक चाचांकडे येत. ते पाकीट शोधून तो इवलासा चेहरा मोठा करून फ्रेममध्ये बसवून देत. तुम्हीही अशा भिंती पाहिल्या असतील. अख्ख्या घरात एकच फोटो, तोही मेलेल्या माणसाचा.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. जंगलजमिनीच्या पट्ट्यांसाठी आमच्या संघटनेचे मोर्चे चालले होते. पत्रकं मी लिहायचो, आणि पत्रकात पुरावा हवाच, असा माझा हट्ट. म्हणून डिजिटल कॅमेरा घ्यायचं ठरलं. पारख करायला चाचांना घेऊन चंद्रपूरला गेलो.

दुकानदार म्हणाला, "रोलची झंझटच नाही. नको असलेला फोटो तिथंच डिलीट!"

"कोनाले नको असलेला?" चाचांनी विचारलं.

दुकानदार दुसरा डबा उघडायला लागला. मी म्हणालो, "चाचा, धंदा बसंल म्हणून भेव लागते का?"

"बसू दे ना. मी तं उभा राहूनच थकलो."

पण कॅमेरा निवडला त्यांनीच. मला आवडलेला चपटा, चकचकीत बाजूला सारला आणि साध्या पेन्सिल सेलवर चालणारा जाडजूड घ्यायला लावला. "तुह्या जंगलात चार्जिंग कुठी करशीन? सेल पानठेल्यावर बी भेटते." परतताना बसमध्ये म्हणाले, "कार्ड भरलं का माह्याकडे आन. मी कागदावर काढून ठेवतो."

मी एकदाही नेलं नाही. मोर्च्यांतून सवड कुणाला होती?

कचेरीसमोरच्या ठिय्यात एक म्हातारी झाडाखाली शिदोरी सोडून बसली होती. "माहा बी काढ ना गा," म्हणाली. काढला. तोंडात घास, डोळे हसरे. तासाभरानं साहेब निवेदन घ्यायला बाहेर आले, आणि कार्ड भरलेलं. ज्यांत घोषणा नव्हती, फलक नव्हता, ते फोटो मी भराभर उडवले. म्हातारीचाही. पत्रकावर निवेदन घेणारा साहेबाचा हात छापला. आम्हाला तो विजय वाटला.

चार महिन्यांनी चाचांचा निरोप आला. म्हातारी गेली होती. तिचा नवरा स्टुडिओत येऊन बसला होता. घरचे सगळे कागद त्याच्या नावावर, त्यामुळे तिचा फोटो कधी लागलाच नव्हता. पण मोर्च्यात आपला फोटो निघाला, हे तिनं गावभर सांगून ठेवलं होतं.

चाचांना बाजूला घेऊन मी फोटो उडवल्याचं सांगितलं. ते मला सांभाळून घेतील असं वाटलं.

"मी नाई सांगत. तू उडवला, तू सांग."

मी सांगितलं. म्हाताऱ्यानं माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"काऊन उडवला गा? किती जागा लागत होती तिले?"

चाचांनी चहा मागवला. त्याच्यापुरताच.

दोन वर्षांनी चाचा गेले. कब्रस्तानात गर्दी होती. तो म्हातारा सकाळच्या एसटीनं आला होता. मूठभर माती देऊन मागे सरला, तो नेमका माझ्या शेजारी. मी हात जोडले. त्यानं पाहिलं, ओळखलं, आणि पलीकडे जाऊन उभा राहिला.