आधी गळका नळ

रोज सकाळी दुकानात जायला निघताना काकू दारातल्या, बाहेर कोण आलंय ते बघायच्या भिंगावर तोंडाची वाफ सोडायच्या आणि खिशातल्या मऊ फडक्यानं ते पुसायच्या. आधी आतून, मग बाहेर जाऊन बाहेरून. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात उभा जन्म गेलेला. घरच्या दाराची काच मळकी कशी राहील?

विद्यापीठाच्या मागच्या गल्लीतलं ते दोन बेडरूमचं घर भाड्याचं होतं. नवरा गेला आणि एकटीच्या पगारात ते झेपेना, तेव्हा काकूंनी पोटभाडेकरू ठेवायचं ठरवलं. स्वतः लहान खोलीत गेल्या. मोठी खोली बघायला पीएचडी करणारी एक मुलगी आली, तिला त्यांनी आधी न्हाणीघरात नेलं.

"हा नळ गळतो. किती वेळा दुरुस्त केला, ऐकत नाही. शेजारी घोरतो, भिंतीतून ऐकू येतं. मीही घोरत असेन, पण ते मला ऐकू येत नाही."

एवढं सांगून झाल्यावर त्यांनी खोलीची खिडकी उघडली. ग्रंथालयासमोरची झाडं थेट आत आल्यासारखी वाटली.

"काकू, असं सांगितल्यावर कोण घेईल खोली?"

"जी घेईल ती टिकेल."

मुलीनं घेतली. याआधीच्या प्रत्येक घरात ती कुणाची तरी मामेबहीण होती, नाहीतर सुनेची मैत्रीण. मालकापुढे पोटभाडेकरू म्हणायचं नाही, हे तिच्या अंगवळणीच पडलं होतं. प्रबंध शेवटाला आला होता. आता पुन्हा बिऱ्हाड हलवायचं तिच्यात त्राण नव्हतं.

एका दुपारी बेल वाजली. लख्ख भिंगातून किल्ल्यांचा जुडगा घेतलेले घरमालक दिसले. दार उघडलं तशी, कुणी काही विचारायच्या आत मुलगी म्हणाली, "मी काकूंची भाची."

"भाची?" मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ताई मला विचारून पोटभाडेकरू ठेवणार होत्या. एकीला मी हो म्हटलं. आता वर भाचीही? किती जणी राहता इथं?"

मुलगी खुलासा करायच्या आतच मालकांचा पारा चढला. वरच्या मजल्यावर अशाच भाच्या-पुतण्यांनी त्यांच्या दुसऱ्या एका घराची धर्मशाळा केली होती. "ताईंना सांगा, महिनाअखेर घर सोडा," म्हणून ते तरातरा गेले.

संध्याकाळी काकू आल्या तेव्हा मुलगी रडत होती. "मी तुम्हाला वाचवायला गेले, काकू."

"वाचवायला! अगं, मी बुडत होते का?" काकू खुर्चीत टेकल्या, मग उठल्या. "चप्पल घाल. जाऊन येऊ."

"तुम्ही बोलाल ना?"

"मी तुझी बाजू घेतली तर तू भाचीच ठरशील. तूच बोल."

मालकांच्या दारात मुलीनं खरं काय ते सांगितलं. काकू दोन पायऱ्या खाली उभ्या राहून स्वतःचा चष्मा पुसत होत्या. मालक तसेच त्यांच्यासोबत घरी आले. दोन्ही खोल्या पाहिल्या, न्हाणीघरात डोकावले. दोनच टूथब्रश.

"ताई, हा नळ अजून गळतोच?"

"गळतो. तिला पहिल्याच दिवशी दाखवलाय."

मालकांना हसू आवरलं नाही. घर राहिलं. काकू मात्र पुढचा आठवडाभर मुलीला "भाचीबाई" म्हणून हाक मारत होत्या.

प्रबंध झाला, मुलगी विद्यापीठातच शिकवायला लागली. काकूंचे गुडघे जिना चढेनात, तेव्हा त्या भावाकडे राहायला गेल्या. जाण्याआधी मालकांना भेटून घराचा करार मुलीच्या नावानं करून गेल्या. पुढे लहान खोली पोटभाड्यानं द्यायचं मुलीनं ठरवलं. मालकांना आधी विचारलं. पहिली मुलगी खोली बघायला येणार होती त्या सकाळी काकूंचा फोन आला. भावाच्या खोकल्याविषयी, वहिनीच्या मोठ्या आवाजातल्या टीव्हीविषयी त्या बराच वेळ बोलल्या. त्याच आठवड्यात त्या झोपेत गेल्या, त्यामुळे तेवढंच बोलणं शेवटचं ठरलं.

"बरं, ठेवते आता," त्या म्हणाल्या. "आणि त्या मुलीला आधी नळ दाखव गं, खिडकी मग."