खांड भरेपर्यंत कोणी बोलत नाही

यंदा दिवाळीत घरी थांबायचं नाही हे मी नवरात्रातच ठरवून टाकलं होतं. मुलगा परदेशात, नवऱ्याची सणासुदीला हमखास ड्यूटी, आणि एकटीनं चकल्या तळून एकटीनंच खाण्यात मला काही राम दिसेना. शिवाय निमित्तही होतं. हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माहीतच आहे, मी दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिते. लढाया, तह, फितुरी, दरबारी कारस्थानं. नवी कादंबरी आंग्रे आणि जंजिरेकर सिद्दी यांच्या चढाओढीची आहे. तिच्या शेवटच्या प्रकरणात हिरू नावाचा बारा वर्षांचा मुलगा उधाणाच्या भरतीला आपल्याच गावचा खाडीचा बांध फोडतो. भातशेतात पडलेली शत्रूची छावणी बुडते, दारूगोळा भिजतो, किल्ला वाचतो आणि हिरूला सोन्याचं कडं मिळतं. माझा संपादक निखिल या प्रसंगावर इतका खूश झाला की त्यानं मुखपृष्ठावर तोच काढून घेतला. दिवाळी झाली की छपाई. त्याआधी मला रोह्याजवळचा अवचितगड डोळ्यांनी पाहायचा होता आणि हे प्रकरण खाडीकाठच्या मुलांना वाचून दाखवायचं होतं.

धनत्रयोदशीच्या सकाळी ठाण्याहून एसटीनं निघाले. दिवा-रोहा गाडी स्वस्त आणि खिडकीतून दिसणारी भातशेती सुंदर, पण ती चुकली तर पुढची कधी याचा नेम नाही, म्हणून एसटी बरी. महामार्गाबद्दल काही लिहीत नाही. कंबरेचा पट्टा बरोबर ठेवा, एवढं पुरे. पेणला उतरून पोह्याचे पापड घेतले, गरम भजी खाल्ली. गणपतीचे कारखाने गणपतीनंतरही चालू असतात हे ऐकून होते, पाहिलं पहिल्यांदाच. बिनरंगाच्या मूर्ती ओळीनं उभ्या होत्या. तिथून वडखळ आणि वडखळहून मिनिडोर. ही सहा आसनांची रिक्षा दहा माणसं भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असेल तर बसू नका.

धरमतरच्या खाडीकाठी असलेल्या त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. कारण पुढे कळेल. तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या वंदनाताई माझ्या जुन्या वाचक. शाळेला सुट्टी लागलेली, म्हणून त्यांनी देवळाच्या सभामंडपात पोरं गोळा केली होती. एका अंगाला खाडी, मध्ये बैलगाडी जाईल एवढ्या रुंदीचा मातीचा लांबलचक बांध, आणि अलीकडे कापणीला आलेलं पिवळं भात. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी या भातापेक्षा उंच असतं. माझ्या कादंबरीला हवं होतं तसंच सगळं, म्हणून मी भराभर फोटो काढले.

वाचन रंगलं. हिरूनं पहिली कुदळ मारली तेव्हा सभामंडपात कुणी हूं की चूं करत नव्हतं, आणि छावणीत पाणी शिरलं तेव्हा पोरांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मी अशी फुलले की काही विचारू नका. त्या भरात स्पर्धा जाहीर केली: दिवाळीत किल्ला करताच, तर यंदा हिरूचा किल्ला करा, खाडी आणि बांधासकट. लक्ष्मीपूजनाला रोह्याहून परतताना मी बघायला येईन, पहिल्या नंबराला माझी सगळी पुस्तकं.

पुढच्या रांगेतली दीक्षा नावाची मुलगी उठली. अकरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, नजर धारदार. "म्याडम, पानी खरं पायजे का रंगाचं चालंल?"

"खरं हवं," मी म्हणाले. "आणि वाहतं. बादलीनं ओतलेलं मी धरणार नाही."

मागे खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "त्या पोरानं बांध फोरला तो त्याच्याच गावचा ना?" ते दीक्षाचे आजोबा, धर्माआजा; तिकडच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो. मी म्हटलं, हो, शत्रूला बुडवायला. "व्हय," ते म्हणाले, "बुरलं आसंल सगलं." मी हसून पुस्तक मिटलं. दाद दिली असंच मला वाटलं.

संध्याकाळी रोह्याला पोचले. कुंडलिकेच्या पुलाजवळ साधी खोली मिळाली, स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून मेढे गावाच्या बाजूनं अवचितगड चढले. वाट दाट रानातून जाते आणि पावसाळ्यानंतर शेवाळलेली असते, तेव्हा बूट चांगले घाला आणि गावातून वाटाड्या घ्या. वर पाण्याची टाकी आहेत, तटाचे तुकडे आहेत, आणि कुंडलिकेचं खोरं पार पश्चिमेकडे उलगडत जाताना दिसतं. माझ्या वाटाड्याला मी विचारलं, इथून खाडीकडची शेतं दिसत असतील का. तो म्हणाला, "शेतं कोन बगतंय, लोक रायगड कुठं दिसतो ते इचारतात." मी स्वतःशी हसले. वरून सगळंच सोपं दिसत होतं, इथे छावणी, तिथे बांध. उतरल्यावर कोलाडला जाऊन सुरमई थाळी हाणली आणि निखिलला फोन करून सांगितलं की प्रकरणात काना-मात्रा बदलायची गरज नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी वंदनाताईंचा फोन आला. "ताई, किल्ला बघायला येताय ना? मग लगेच या. पोरांनी खरं पाणी आणलंय."

मी बोलता बोलताच पिशवी भरायला घेतली. झालं होतं ते असं. पोरांनी किल्ला अंगणात न करता बांधाच्या पायथ्याशी केला, कारण वाहतं पाणी तिथेच मिळणार. आदल्या संध्याकाळी ओहोटीला बांधाच्या माथ्यातून हातभर रुंद चर खणला. रात्री भरतीचं थोडं पाणी चरातून येईल, सकाळी खंदक भरलेला सापडेल, असा हिशेब. अमावास्येचं उधाण ते. पाणी चरात शिरलं आणि चराच्या दोन्ही भिंती घेऊन गेलं. सकाळी तिथे भलं मोठं भगदाड होतं, त्याला तिकडे खांड म्हणतात. लगतच्या दोन शेतांत खारं पाणी उभं होतं. ओहोटीमुळे आत येणारं पाणी थांबलं होतं, पण दुपारच्या भरतीआधी खांड बुजली नाही तर सगळ्या गावाचं तयार भात जाणार होतं. खारं पाणी एकदा मुरलं की पुढली काही वर्षं त्या जमिनीत धड पीक येत नाही.

रोहा ते नागोठणे रिक्षा, नागोठण्याहून वडखळ एसटी. वाटेत प्रत्येक थांब्यावर लोक फराळाचे डबे घेऊन चढत होते, एकमेकांना शुभेच्छा देत होते, आणि मला कंडक्टरचा गळा धरावासा वाटत होता. वडखळला मिनिडोरवाल्याला सगळ्या सीटांचं भाडं देते म्हटलं तेव्हा त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.

बांधावर अख्खं गाव होतं. पुरुष खांडीत छातीभर चिखलात उभे, लाकडाच्या मेढी ठोकत, पेंढ्याचे भारे दाबत. बायका आणि पोरं रांगेत उभी राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होती. खाडीचं पाणी वळलं होतं. चिखलात बोटभर बोटभर वर चढताना दिसत होतं. मी ज्याच्या त्याच्याकडे बघत होते, कुणीतरी ओरडेल, शिवी देईल म्हणून. कुणी काहीच बोललं नाही. मी वंदनाताईंना म्हटलं, मला माफी मागू द्या.

"आता नाही," त्या म्हणाल्या. "खांड भरेपर्यंत इथे कोणी कोणाला बोल लावत नाही, कोणी खणलं ते विचारत नाही. हात मोकळे असतील तर रांगेत उभ्या राहा."

मी उभी राहिले. माझ्या डाव्या हाताला दीक्षा होती. तिची बोटं सोलवटली होती. ती गोळा देई, मी पुढे सरकवी. ती माझ्याकडे बघत नव्हती. मला भयंकर भीती वाटत होती, पाण्याची आणि त्याहून जास्त त्या शांततेची. ओरडणं मी सहन केलं असतं. दोनदा पाणी पेंढ्याखालून आत घुसलं आणि दोनदा दीक्षाच्या बापानं, विठ्ठलनं, आपलं अंग त्या फटीला लावून धरलं. वरून त्याच्या खांद्यावर चिखल पडत राहिला. भरती माथ्याच्या वीतभर खाली येऊन थबकली. मग कुणीतरी म्हणालं, "फिरली," आणि लोक होते तिथेच खाली बसले.

चहाची किटली आली. धर्माआजांनी चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि आता विचारलं, "कोनी खनला?"

दीक्षा उठली. "मी. बाकीच्यांना मीच आनलं."

मी लगेच उभी राहिले. म्हटलं, वाहतं पाणी हवं असं मी सांगितलं होतं, तिचा काही दोष नाही, दोन शेतांचं जे नुकसान झालं ते मी भरून देते.

"पैशानं खारं पानी गोरं व्हतं का?" आजा म्हणाले, पण रागानं नाही. "खननाऱ्याचा घर आनि सांगनाऱ्याचा घर. नवी माती कच्ची आसते, ती मुरंपर्यंत दर उधानाला दोन्ही घरचा एकेक मानूस राखनीला यील. ही रीत हाय. तुमच्या घरचा कोन यील?"

"मीच येईन," मी म्हणाले.

"या मंग. आनि एक सांगा. तुमच्या त्या पोराला कडं भेटलं. त्याच्या गावची खांड कोनी भरली?"

खरं सांगायचं तर ती खांड मी उघडीच टाकून पुस्तक संपवलं होतं. विठ्ठल कुदळ खांद्यावर टाकून उठला. दीक्षा त्याच्या वाटेत उभी होती. तो तिला वळसा घालून निघून गेला. बोलायची मोकळीक आता होती, तरी तो बोलला नाही.

त्याच संध्याकाळी ठाण्याला परतले. दारात पणत्या नव्हत्या, नवरा ड्यूटीवर होता. चिखल नखांतून चार दिवस गेला नाही. निखिलला सांगितलं की शेवटचं प्रकरण शेवटचं नाही, पुढे आणखी एक लिहायचं आहे, शत्रू निघून गेल्यावरचं. तो म्हणाला, "मुलांना लढाई हवी असते. चिखल कोण वाचणार?" छपाई पुढे गेली, नाताळच्या सुट्टीत पुस्तक बाजारात येणार नाही, मुखपृष्ठाचा चित्रकारही नाराज आहे. मला त्याचं वाईट वाटतं. पण इतकी वर्षं मी मुलांना युद्ध जिंकून द्यायची आणि घरी पाठवायची, ते घर कोणत्या अवस्थेत असेल याचा विचार कधी केला नव्हता, याचं जास्त वाईट वाटतं.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. गड बघा, पापड आणा, बांधावर चालायला मिळालं तर चाला, फक्त तिथली माती उकरू नका. मी पौर्णिमेच्या उधाणाला जाणार आहे, बॅटरी आणि घोंगडं घेऊन.

काल वंदनाताईंच्या फोनवरून दीक्षाचा फोन आला. मला वाटलं, राखणीचं काही सांगायचं असेल.

"म्याडम, ते पुरचं लिवताव ना, तुमच्या हिरूचं?"

"लिहितेय गो."

"मंग त्याचा बाप त्याच्याशी परत कवा बोलला?"

मी म्हटलं, तिथपर्यंत अजून आले नाही.

"लवकर लिवा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.